दाण्या-अक्रोडाचे कबाब तव्यावर फुटतात, त्यावरचा उपाय

गोळा हातात छान वळला जातो. ताटलीत थापून ठेवला तरी आकार सोडत नाही. तव्यावर टाकल्यावर पहिली दोन-तीन मिनिटंही काही बिघडलेलं दिसत नाही. मग कडेने तेल सुटायला लागतं. आपण घातलं होतं चमचाभर, हे एवढं कुठून आलं? उलटायला म्हणून उलथनं खाली सरकवावं, तर अर्धा कबाब उलथन्यावर आणि अर्धा तव्यावर. शेंगदाणे, अक्रोड, काजू घेऊन खिम्यासारखे कबाब किंवा कटलेट घरी करणाऱ्यांना ही अडचण येते, आणि एकदा येऊन जात नाही, दर वेळी येते. बेसन वाढवलं, ब्रेडचा चुरा घातला, बटाटा घातला, तरी येते.

आमच्याकडे रविवारी मटण असतं. माझी भाची शिकायला म्हणून आमच्याकडे राहायला आली, तिने मांस, अंडी, दूध सगळं सोडलेलं. पहिल्या रविवारी पंगतीत सगळ्यांच्या ताटात रस्सा-भाकरी आणि तिच्या ताटात वरणभात. तिची काही तक्रार नव्हती, मला मात्र ते बघवेना. पनीर तिला चालत नाही, सोयाच्या वड्या आवडत नाहीत. डबा भरून शेंगदाणे घरात होते, अक्रोड होते. म्हटलं, मटणाचाच मसाला लावून कबाब करू. सलग चार रविवार ते कबाब फुटले. चौथ्या रविवारी तव्यावरचा भुगा वाडग्यात काढून तिच्यापुढे ठेवला, तेव्हा ती म्हणाली, "आत्या, चव मस्त आलीये गं, पण ही भुर्जी झाली. पावात भरून खाऊ." खाल्ली. पण तिला ताटात अख्खा कबाब वाढायचा होता मला, लिंबाची फोड आणि कांदा बाजूला ठेवून, बाकीच्यांना वाढते तसा.

मग मी एकेक गोष्ट बदलून पाहायला लागले. एका वेळी एकच. त्यातून जे हाती आलं ते इथे लिहिते आहे.

हातात वळला म्हणजे जमला, हा समज

दाण्याच्या कुटाचा लाडू आठवा. भाजलेले दाणे, गूळ, मिक्सरमधून फिरवलं की मुठीत धरून लाडू वळता येतो. थेंबभर पाणी नाही, तुपाचीही गरज नाही. लाडू धरून राहतो तो दाण्यातून सुटलेल्या तेलावर आणि गुळाच्या चिकटपणावर. आता तोच लाडू गरम तव्यावर ठेवला तर काय होईल? तेल पातळ होईल, गूळ विरघळेल, लाडू बसेल.

आपला कबाब नेमका हाच लाडू असतो. मिश्रण हाताला ओलसर, चिकट लागतं म्हणून आपण समजतो की आता हे जमलं. पण तो ओलेपणा तेलाचा असतो. गार असताना तेल दाट असतं, कण एकमेकांना धरून राहतात. तवा तापला की तीच पकड सुटते. जी गोष्ट हातात गोळा वळायला मदत करते, तीच तव्यावर त्याला फोडते. मला हे कळायला चार रविवार लागले, आणि हे कळल्यावर बाकीचे उपाय आपोआप सुचत गेले.

मटणाचा खिमा असा का सुटत नाही? त्याला मीठ लावून मळला की मांसातली प्रथिनं बाहेर येऊन चिकट होतात, आणि आच लागली की तीच घट्ट होऊन कणाकणाला बांधतात. म्हणजे मांसाचा डिंक मांसातच असतो. तरीसुद्धा शामी कबाबात मटणाबरोबर चणाडाळ शिजवतात, ती उगाच नाही. दाण्यात आणि अक्रोडात असा डिंक जवळपास नसतोच. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे 49 ग्रॅम तेल आणि 26 ग्रॅम प्रथिनं. अक्रोडात तेल 65 ग्रॅमच्या आसपास, प्रथिनं 15. पिष्ट, म्हणजे शिजल्यावर खळीसारखं चिकटणारं जे असतं ते, दोन्हीत अगदी थोडं. काजूचं वेगळं आहे. त्यात तेल 44 ग्रॅमच्या आसपास आणि पिष्ट बऱ्यापैकी. म्हणून काजूची पेस्ट घातली की रस्सा दाट होतो, दाण्याच्या कुटाने तसा होत नाही, कूट तळाला बसतं आणि तेल वर तरंगतं.

शिवाय दाणे भाजले की त्यातल्या प्रथिनांची पाण्यात उतरण्याची ताकद कमी होते. कच्चे दाणे भिजवून वाटले तर पांढरं दूध निघतं, आणि ते तापवलं की दाटतं, घट्ट होतं. भाजलेल्या दाण्यांचं तसं होत नाही. चवीसाठी आपण सगळे दाणे खरपूस भाजतो, आणि बांधून धरू शकणारी जी थोडीफार प्रथिनं होती तीही हातची घालवतो.

बेसन घालूनही का फुटतो

मी पहिल्यांदा हेच केलं. मिश्रण सैल वाटलं, घातलं दोन चमचे बेसन. पुढच्या वेळी चार. कबाब कोरडा झाला, घशाशी बसायला लागला, आणि फुटायचा तो फुटलाच.

इथे दिवाळीचा अनुभव कामाला आला. शंकरपाळ्यांना मोहन जास्त झालं तर त्या तेलात सोडल्यावर विरघळतात. अनारशाच्या पिठाचं गणित चुकलं तर अनारसा हसतो. मोहन करतं काय? पिठाच्या कणाभोवती तेला-तुपाचं आवरण घालतं, मग पाणी त्या कणापर्यंत नीट पोचत नाही, पीठ एकमेकांना घट्ट धरत नाही, म्हणून पदार्थ खुसखुशीत होतो. दाण्याच्या तेलकट भरडीत कोरडं बेसन मिसळणं म्हणजे बेसनाला भरपूर मोहन घालणं. बांधायला आणलेलं पीठ तेलात गुंडाळलं जातं. पाण्याशिवाय पिष्ट शिजत नाही, आणि शिजल्याशिवाय चिकटत नाही.

म्हणून क्रम बदलायचा. आधी बेसन पाण्यात भिजवायचं, पिठल्याला कालवतो त्याहून दाट, चमच्यावरून हळू घसरेल इतकं. दहा मिनिटं तसंच ठेवायचं. मग त्यात भरड मिसळायची. बेसनाचं प्रमाण मी पहिल्यापेक्षा कमी केलं, फक्त क्रम बदलला, आणि पहिल्यांदाच कबाब उलटताना एक तुकडा अखंड राहिला. बाकीचे फुटले. म्हणजे वाट बरोबर होती, काम अर्धं झालं होतं.

राहिलेलं अर्धं काम: वडी करतो तसं करायचं

तव्यावर बाहेरची बाजू दोन मिनिटांत लाल होते, आत मात्र मिश्रण अजून गारच असतं. बेसनातलं पिष्ट साधारण 70 अंशांच्या आसपास फुगून चिकट व्हायला लागतं. आतला भाग तिथवर पोचण्याआधीच आपण कबाब उलटायला जातो. वर पापुद्रा, आत कच्चा लगदा. मग तो फुटणारच.

कोथिंबीरवडी आपण कधी कच्ची तव्यावर टाकतो का? आधी उकडतो, गार करतो, कापतो, मग तळतो. अळूवडीचंही तसंच. उकडताना वाफ चारी बाजूंनी लागते, आतपर्यंत पोचते, आणि पाणी उडून जात नाही, त्यामुळे पीठ पूर्ण शिजतं. कच्च्या दाण्याची प्रथिनंही त्याच वेळी घट्ट होतात. गार झाल्यावर पिष्ट आणखी आवळतं. त्यानंतर तव्यावर फक्त रंग आणि खरपूसपणा आणायचा उरतो. आपल्या स्वयंपाकघरात ही रीत पिढ्यान्पिढ्या आहे, आणि मी मात्र कबाब म्हटल्यावर तव्यापासूनच सुरुवात करत होते.

आता माझं ठरलेलं प्रमाण सांगते. दहा-बारा तुकडे होतात, चार जणांना पुरतात.

शेंगदाणे 150 ग्रॅम. त्यातले 100 ग्रॅम भाजून, सालं काढून, पूर्ण गार करून जाडसर भरडायचे. उरलेले 50 ग्रॅम कच्चे, चार-पाच तास भिजवून, 25 ग्रॅम भिजवलेल्या काजूंबरोबर, पाव वाटी पाणी घालून गंधासारखे बारीक वाटायचे. अक्रोड 50 ग्रॅम, हातानेच चुरून. बेसन 60 ग्रॅम, कोरडंच मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजून. जवसाची पूड एक मोठा चमचा. दोन मध्यम कांदे अगदी बारीक चिरून, थोड्या तेलावर तपकिरी होऊन कोरडे पडेपर्यंत परतून. आलं-लसणाचं वाटण, हिरवी मिरची, मालवणी किंवा कांदा-लसूण मसाला दीड चमचा, मीठ, चार आमसुलांचा घट्ट कोळ.

बेसन आणि जवसाची पूड त्या दाण्या-काजूच्या वाटणात कालवा. घट्ट वाटलं तर एक-दोन चमचे पाणी. दहा मिनिटांनी कांदा, मसाला, मीठ, कोळ. सगळ्यात शेवटी भरड आणि अक्रोड, तेही मळायचं नाही, हलक्या हाताने एकत्र करायचं. मळत बसलात की भरडीतून पुन्हा तेल सुटतं. हाताला पाणी लावून चार सेंटिमीटर जाडीचा लांबट उंडा करा, कोथिंबीरवडीचा करतो तसा. चाळणीला पाण्याचा हात लावून मोदकपात्रात, नाहीतर शिट्टी काढलेल्या कुकरमध्ये वीस ते पंचवीस मिनिटं उकडा. सुरी टोचून पाहा, कोरडी यायला हवी.

आणि आता गार होऊ द्या. हे मी मुद्दाम वेगळ्या परिच्छेदात लिहिते आहे, कारण सगळ्यात जास्त घाई इथेच होते. घरात वास सुटलेला असतो, मुलं ओट्यापाशी घुटमळत असतात. पण गरम उंडा कापला तर कडा तुटतात. खोलीत पूर्ण गार, मग तासभर फ्रीजमध्ये. त्यानंतर दीड सेंटिमीटर जाडीचे तुकडे कापा. बीडाच्या तव्यावर मध्यम आचेवर चमचाभर तेल, तुकडे ठेवा आणि तीन-चार मिनिटं हात लावू नका. खालचा थर खरपूस झाला की तो आपणहून तव्याला सोडतो. चिकटलेला वाटला तर अजून व्हायचा आहे असं समजा, खरवडू नका.

पूर्ण घाणा घालण्याआधी एक परीक्षा

पातेलीत पाणी उकळा. मिश्रणाची सुपारीएवढी गोळी करून त्यात सोडा आणि पाच मिनिटं पाहा.

गोळी अख्खी राहिली आणि दाबल्यावर किंचित लवचिक लागली तर मिश्रण बरोबर आहे. कडेने झिजून पाणी गढूळ झालं तर पीठ कमी पडलंय किंवा नीट भिजलेलं नाही. अशा वेळी थेट कोरडं पीठ टाकू नका, चमचाभर बेसन दोन चमचे पाण्यात कालवून मग मिसळा. गोळी फुटली आणि पाण्यावर तेलाचे मोठे डोळे तरंगले तर भरड जास्त वाटली गेली आहे. त्याला आता पीठ वाढवून उपाय नाही. ते मिश्रण कांदा-टोमॅटोवर परतून खिमा म्हणून पावाबरोबर खा, वाया जात नाही.

मिक्सरने केलेलं नुकसान

तेल सुटतं ते बहुतेक वेळा मिक्सरच्या भांड्यात. सलग फिरवला की पाती तापतात, दाण्याचं कूट आधी ओलसर, मग लगद्यासारखं, मग भांड्याच्या कडेला चिकटलेलं. त्या क्षणी तुमचे कबाब तव्यावर फुटायचे ठरलेले आहेत. दाणे भाजल्यावर पूर्ण गार होऊ द्या, शक्यतो अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. छोटं भांडं अर्धंच भरा. बटण दाबा, सोडा, भांडं हलवा, पुन्हा दाबा. पाच-सहा झटक्यांत काम होतं. खलबत्ता असेल तर त्याहून चांगलं. कण वेगवेगळ्या आकाराचे पडतात, आणि खाताना खिम्यासारखा जो रवाळपणा हवा असतो तो त्यातूनच येतो. सगळं एकसारखं बारीक झालं की कबाब गिच्च लागतो, कितीही नीट उकडा.

भरड कशी ओळखायची? मुठीत घेऊन दाबा आणि मूठ उघडा. ढेकूळ लगेच फुटलं तर ठीक. लाडवासारखं तसंच राहिलं तर जास्त वाटलं गेलंय.

पाणी नको तिथून येतं तेव्हा

कच्चा कांदा, भरपूर कोथिंबीर, वर मीठ. दहा मिनिटांत मिश्रण सैल पडतं, मग आपण पीठ घालतो, मग अजून मीठ. हे चक्र टाळायचं तर कांदा परतून कोरडा करा. कच्चाच हवा असेल तर मीठ लावून दहा मिनिटांनी घट्ट पिळा आणि नंतर मिश्रणात मीठ बेताने घाला. टोमॅटो घालू नका. आंबटपणा आमसुलाने येतो, लिंबू वरून पिळता येतं.

उकडलेल्या बटाट्याबद्दल अनेकजण विचारतात. बटाट्याने कबाब बांधला जातो, खोटं नाही. पण पुरेसा धरून राहावा इतका बटाटा घातला की चव बटाटेवड्याच्या सारणाकडे झुकते. भिजवलेले पोहे त्याहून बरे, मूठभर, चुरून. पण उकडण्याची पायरी असेल तर दोन्हींची गरज पडत नाही.

हा प्रश्न जुना आहे

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात बॅटल क्रीक नावाचं गाव आहे. तिथल्या आरोग्यधामाचे प्रमुख डॉ. जॉन हार्वे केलॉग हे शाकाहाराचे कट्टर पुरस्कर्ते होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी रुग्णांसाठी शेंगदाण्यापासून मांसाला पर्याय तयार करायला सुरुवात केली. त्यांच्या अशाच एका पदार्थाला 1901 मध्ये पेटंट मिळालं. प्रोटोज नावाने डब्यात भरून विकला जाणारा त्यांचा पदार्थ शेंगदाणे आणि गव्हाचं ग्लुटेन यांचा होता. शेंगदाण्याला जोडीला काहीतरी बांधणारं लागतं हे त्यांनाही टाळता आलं नाही. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं.

हे ग्लुटेन घरी काढता येतं. कणीक घट्ट मळून अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवायची, मग पाण्यातच चोळत धुवायची. पांढरं पाणी निघतं, कुरडईच्या चिकासारखं. ते काढून टाकत राहायचं. शेवटी रबरासारखा चिवट गोळा उरतो. तो बारीक चिरून मिश्रणात घातला तर कबाबाला मांसासारखा तंतू येतो, जो नुसत्या दाण्याने कधीच येत नाही. मी दोनदा केलं. परिणाम उत्तम होता, पण मेहनत खूप, आणि ज्यांना गहू चालत नाही त्यांच्यासाठी निरुपयोगी. सणावारी करायला ठीक.

कोकण-गोव्यात या प्रश्नाला बगलच दिली आहे, आणि मला ती युक्ती सगळ्यात सुंदर वाटते. फेब्रुवारी-मार्चपासून ओले काजूगर यायला लागतात. ते वाटत नाहीत, बांधत नाहीत. अख्खेच ठेवून, मटणाला करतो तसं भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण लावून रस्सा करतात. दाताखाली मऊ पण भरीव घास येतो. भाचीला पहिल्यांदा तो रस्सा वाढला तेव्हा तिने दोनदा भात घेतला. फक्त ओले काजू घरी सोलणार असाल तर हाताला खोबरेल लावून, शक्यतो हातमोजे घालून. टरफलातला चीक कातडी भाजतो.

चवीच्या दोन तक्रारी

"कडू लागतं" ही अक्रोडाची तक्रार. दोन कारणं असतात आणि दोन्ही वेगळी आहेत. एक, अक्रोडाच्या पातळ सालीत तुरट-कडू द्रव्य असतं. उकळतं पाणी आणि चिमूटभर मीठ घालून पंधरा मिनिटं झाकून ठेवा. पाणी चहाच्या रंगाचं होतं, ते फेकून द्या, अक्रोड फडक्यावर पुसून तव्यावर मंद आचेवर सुकवा. कडवटपणा बराच उतरतो. दुसरं कारण खवटपणा. अक्रोडाचं तेल लवकर बिघडतं, आणि खवट अक्रोड कितीही धुतला तरी सुधारत नाही. चावून पाहा. घशात मागे जुन्या तेलासारखी चव राहिली तर तो टाकायचा. काश्मीरचा नवा अक्रोड सप्टेंबरपासून उतरतो. थंडीत घ्या, घट्ट डब्यात, फ्रीजमध्ये ठेवा. उन्हाळ्यात किराणा दुकानातला उघड्या पोत्यातला अक्रोड मी घेत नाही.

"कबाब म्हणून ठीक, पण चटणीसारखा लागतो" ही दुसरी. दाण्याचा वास आपल्या जिभेला इतका ओळखीचा आहे की मसाला त्यावर चढत नाही. कांदा खरंच तपकिरी करा, गुलाबीवर थांबू नका. दगडफूल मसाल्यात असू द्या, त्याचा धुरकट वास मटणाची आठवण करून देतो. चमचाभर सोया सॉस घातला तर मीठ कमी करा. आणि उकडलेल्या उंड्याला कोळशाची धुनी द्या. पातेल्यात तुकडे ठेवायचे, मध्ये वाटी, वाटीत रसरशीत निखारा, त्यावर तेलाचे चार थेंब, आणि पाच मिनिटं झाकण. खोबऱ्याचं वाटण मात्र यात घालू नका. आधीच निम्मं तेल, त्यात अजून तेलाची भर कशाला?

रस्स्यात सोडायचे असतील तर

उकडून, गार करून, तव्यावर सगळ्या बाजूंनी खरपूस केलेले तुकडेच रस्स्यात टिकतात, तेही उकळत्या रस्स्यात नाही. रस्सा पूर्ण तयार करा, गॅस बंद करा, पानं वाढायच्या दहा मिनिटं आधी तुकडे सोडा. रस्सा एरवीपेक्षा थोडा पातळ ठेवा, ते तुकडे पितात. दुसऱ्या दिवशी उरलेल्या रस्स्यात तुकडे तसेच ठेवू नका, काढून वेगळ्या डब्यात ठेवा.

दोन गोष्टी मात्र मनापासून सांगते. दाणे निवडताना बुरशी आलेला, काळपट, सुरकुतलेला, कुबट वासाचा एकही दाणा घेऊ नका. बुरशीमुळे दाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं आणि ते भाजून किंवा उकडून पूर्ण जात नाही. मसाल्यात वास झाकला जाईल म्हणून चालवून घ्यायची ही गोष्ट नव्हे. आणि पाहुण्यांना वाढण्याआधी विचारा. मांसाचा कबाब समजून कुणी घास घेतला आणि त्याला शेंगदाण्याची किंवा काजूची ॲलर्जी असली तर प्रसंग जिवावर बेतू शकतो. मी ताटली टेबलावर ठेवतानाच सांगते, हे दाण्या-अक्रोडाचे आहेत. पोटालाही जड आहेत. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साधारण 570 किलोकॅलरी असतात, त्यामुळे माणशी तीन तुकडे आणि बरोबर भरपूर काकडी-कांदा.

उकडलेला उंडा न कापता, घट्ट डब्यात फ्रीजमध्ये तीन दिवस चांगला राहतो. फ्रीजरमध्ये ठेवायचा असेल तर आधी तुकडे करा, ताटलीत एकमेकांना न चिकटतील असे गोठवा, मग पिशवीत भरा. महिनाभर चालतात. काढल्यावर वितळायची वाट पाहू नका, गोठलेलेच मंद आचेवर, झाकण ठेवून तव्यावर टाका. भाची आता शनिवारी रात्रीच उंडा उकडून ठेवते. रविवारी सकाळी मटणाचा कुकर लागतो, शेजारच्या शेगडीवर तिचा तवा.